भोसरीतलं छोटं वर्कशॉप सोडून चाकणला कंपनीत जावं का? (व्हीएमसी ऑपरेटर, ३ वर्षं)

उदगीरचा_मशिनिस्ट

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी उदगीरकडचा, आयटीआय मशिनिस्ट, सव्वातीन वर्षं झाली भोसरी एमआयडीसीत एस ब्लॉकला एका छोट्या वर्कशॉपात आहे. ४ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), २ सीएनसी टर्निंग (तशीच लेथ), सगळे मिळून २२ माणसं. मालक स्वतः मशीनवर उभा राहतो, केबिनमध्ये बसलेला क्वचित दिसतो.

पगार ग्रॉस १८,५००, हातात साडेसोळा येतात. ओव्हरटाइम सिंगल रेटनं, तो पण कॅश. पगाराची तारीख १० पण पार्टीचं (काम देणाऱ्या कंपनीचं) पेमेंट अडकलं की १५ पण होते. गुरुवारची सुट्टी आहे पण डिस्पॅच असला की गुरुवारी फोन येतोच, "अरे दोन तास येऊन जा" म्हणतात आणि ते दोन तास संध्याकाळपर्यंत चालतात. कँटीन नाही, बस नाही, डबा आमचा आम्हीच.

आता माझा रूम पार्टनर चाकणला एका मोठ्या गाडीच्या पार्टच्या कंपनीत लागलाय. त्याच्याच कॉन्ट्रॅक्टरनं मला २३,५०० सांगितलेत. बस, कँटीन, युनिफॉर्म, एसी शॉप फ्लोअर. घरी माझ्यासाठी मुलगी बघायलेत, आणि समोरचे पहिला प्रश्न हाच विचारतात की कंपनी कोणती. आमच्या वर्कशॉपचं नाव सांगितलं की गप्पच होतात.

अडचण अशी की इथं मालकानं मला मागच्या वर्षीपासून सेटिंगला घातलंय, म्हणजे नवीन पार्टसाठी मशीन तयार करणं. ऑफसेट घेणं (मापं मशीनला देणं), फर्स्ट पीस काढणं, फिक्स्चर लावणं हे मीच करायलोय, आणि दिवाळीनंतर प्रोग्रामिंग शिकवतो म्हणालाय (मागच्या दिवाळीला पण म्हणाला होता). आणि आईला पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन सांगितलंय, ते ईएसआयमधून (कामगार विमा) करायचा विचार चाललाय. सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. काय करू कळंना गेलंय. अनुभवी लोकांनी सांगा.

स्पाईन_रोड

चाकणला जा भावा. बसमध्ये झोप मस्त होते, तळेगाव चौकात ट्रॅफिकला उभं राहून लोकांचा आख्खा एक सीझन बघून होतो.

जुना_टर्नर

वरच्याचं सोड, तो प्रत्येक धाग्यावर असंच लिहितो. पण ट्रॅफिकचं खोटं नाही, बस साडेपाचला घ्यायला येणार आणि शिफ्ट सुटल्यावर रूमवर कधी पोचशील ते कोणी सांगू शकत नाही, आठ तासांची ड्युटी अकरा-बारा तासांची होते ते हिशोबात धर.

मी १९८९ ला पिंपरीत आलो, लेथवर. सीएनसी तेव्हा आमच्यासारख्यांनी लांबूनच बघायची. पहिला शेठ हातावर पट्टी मारायचा मायक्रोमीटर जोरात आवळला तर. पुढे आकुर्डीला स्कूटरचे पार्ट करणाऱ्या एका व्हेंडरकडे १४ वर्षं काढली. २००७ ला बजाजचं आकुर्डीचं प्रॉडक्शन बंद झालं आणि आमच्यासारख्या किती शॉपचं काम आटलं त्याची मोजदाद नाही. आमच्या शेठनं आधी सेकंड शिफ्ट बंद केली, मग निम्मी माणसं कमी केली. तेव्हा कोण राहिलं माहितीय? ज्याला ड्रॉइंग वाचून जॉब (मशीनवर करायचा पार्ट) उभा करता येत होता तो. नुसतं बटण दाबणारे सगळे गेले, त्यात माझ्यापेक्षा सीनियर पण होते.

म्हणून तुला एकच विचारतो, तिकडे तुला नक्की काय करायला लावणार? कॉन्ट्रॅक्टरला विचार. मला विचारशील तर लोडिंग-अनलोडिंग. जॉब लाव, क्लॅम्प, सायकल स्टार्ट, जॉब काढ, हवा मार, गेजमध्ये घाल, परत लाव. सेटर वेगळा असतो आणि तो कंपनीच्या रोलवर असतो, तो तुला ऑफसेटच्या पानाला हात लावू देणार नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा ४ वर्षं चाकणला होता, तीन कॉन्ट्रॅक्टर बदलले, कंपनी तीच, मशीन तेच. दर सात महिन्यांनी ब्रेक, कारण २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, नाहीतर पोरगा कायम होण्याचा हक्क सांगेल. मागच्या वर्षी दुसरीकडे ट्रेड टेस्टला गेला तर त्याला जी ५४ मध्ये झीरो घेता येईना (म्हणजे जॉब कुठून सुरू होतो ते मशीनला सांगता येईना). चार वर्षांचा अनुभव कागदावर आणि हातात काही नाही. पोरगा रडला माझ्यापुढे.

तुझा शेठ सेटिंगला उभं करतो म्हणजे त्याला तुझी गरज आहे. ते लक्षात ठेवून त्याच्याशी बोल.

पेरोलवाली_निगडी

मी पेरोलचं काम करते, कॉन्ट्रॅक्टर्सचं पण बघते, त्यामुळे भावनिक काही न लिहिता आकड्यांचं लिहिते.

उदगीरचा, पहिले हे विचार की २३,५०० हे ग्रॉस आहेत का सीटीसी (म्हणजे मालकाचा पीएफ-बोनस सगळं धरून होणारा खर्च). बहुतेक वेळा फोनवर सांगतात तो सीटीसी असतो. समजा बेसिक १५,००० धरला. मालकाचा पीएफ वरचे चार्जेस धरून १३% म्हणजे १,९५०, बोनस ८.३३% म्हणजे साधारण १,२५०, मालकाचा ईएसआय ३.२५%, आणि काही जण ग्रॅच्युइटीची तरतूद पण त्यातच टाकतात. हे सगळं २३,५०० मधून काढलं की तुमचा ग्रॉस १९ ते साडेएकोणीसच्या आसपास येतो. त्यातून तुमचा पीएफ १,८००, ईएसआय ०.७५% म्हणजे दीडशेच्या आत, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात किती? सव्वासतरा. म्हणजे आत्तापेक्षा सातशे-आठशे रुपये जास्त आणि त्यातून काही कॉन्ट्रॅक्टर कँटीन आणि बसचे पण कापतात, ते विचारा.

आता दुसरी बाजू. समजा २३,५०० खरोखरच ग्रॉस आहे. मग ईएसआय लागूच होणार नाही, कारण मर्यादा महिना २१,००० आहे (२०१७ पासून तीच, वाढवली नाही). त्याच कंपनीत असताना पगार मधेच २१ च्या वर गेला तर एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च यातलं चालू असलेलं सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते, पण नवीन ठिकाणी जॉइन होतानाच वर असाल तर नाव नोंदवतच नाहीत.

आईच्या ऑपरेशनसाठी हे महत्त्वाचं: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन गेलेलं असेल तर त्याचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर-मार्चचा जुलै-डिसेंबरमध्ये. म्हणजे नोकरी सोडली की दुसऱ्या दिवशी कार्ड बंद असं नसतं. पण भरवशावर राहू नका, पोर्टलवर लॉगिन करून आईचं नाव आणि पात्रता कधीपर्यंत दिसते ते स्वतः बघा, आणि ऑपरेशन शक्यतो आधी उरकून घ्या.

आणि एक. अप्रेंटिस म्हणून घेतायत का ते विचारा. मोठ्या कंपन्यांत बरीच भरती आता अशीच होते. मग तो पगार नसतो, स्टायपेंड असतो, पीएफ नाही, ईएसआय नाही. आयटीआय करून तीन वर्षं काम केलेल्या माणसानं त्या रांगेत उभं राहू नये असं माझं मत.

उदगीरचा_मशिनिस्ट

ताई तुम्ही तर डोळेच उघडलात. आत्ता कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला फोन लावला. आधी म्हणाला "अरे पगार २३,५०० म्हणजे २३,५००", मग सीटीसी का ग्रॉस विचारल्यावर थोडा गप्प झाला आणि म्हणाला सीटीसी. हातात किती तर "सतरा-अठरा येतील ओटी सोडून". रोल कोणाचा विचारलं तर त्यांचाच. किती महिने तर "सात, मग ब्रेक, मग परत घेतो". काम काय विचारलं तर म्हणाला मशीन ऑपरेटिंग. सेटिंग करायला मिळेल का म्हणलं तर हसला.

पार्टनरला स्लिप दाखव म्हणलं तर तो पण आज पहिल्यांदाच नीट बघायलाय.

एस_ब्लॉकवाला

मी मालकाच्या बाजूचा आहे, म्हणजे माझंच छोटं शॉप आहे, ५ मशीन. शिव्या घालायच्या तर घाला पण आमचं गणित पण ऐकून घ्या.

३ अ‍ॅक्सिस व्हीएमसीला पार्टी मला तासाला साडेतीनशे-चारशे देते. दहा वर्षांपूर्वी तीनशे होता. या काळात इन्सर्ट, कूलंट, वीज, पगार, गाळ्याचं भाडं काय झालं ते सांगायला नको. मशीनचा हप्ता ५ तारखेला बँक बरोबर कापते, ती पार्टीचं पेमेंट आलं का बघत नाही. मटेरियल पार्टीचं असतं, एखादा जॉब रिजेक्ट झाला की आमची मजुरी ८० रुपये आणि डेबिट नोट येते आठशेची, कारण कास्टिंगची किंमत पण आमच्याकडून वसूल करतात.

कायद्यानं ४५ दिवसांत पैसे यायला पाहिजेत. आमच्याकडे ९०, कधी १२०. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आलं, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर मोठ्या पार्टीला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. आम्हाला वाटलं आता दिवस पालटले. दोन पार्ट्या खरंच वेळेवर द्यायला लागल्या, तिसरीनं सरळ सांगितलं की उद्यमचं (लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट असलेल्या व्हेंडरला यापुढे ऑर्डर नाही, बघा काय करायचं ते. पैसे थकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, व्याज पण मिळतं बँक रेटच्या तिप्पट. पण तक्रार करणार कोण, ज्याच्याकडे दुसरी पार्टी आहे तोच. त्यात आमचा लाकडी पेट्या करून देणारा माणूस फेब्रुवारी २०२५ ला कुदळवाडीतली शेड पाडली त्यात गेला, तो परत सापडलाच नाही, आता पेट्या लांबून येतात आणि महाग पडतात. असल्या गोष्टी कोणाच्या हिशोबात नसतात.

एवढं सगळं असून सांगतो, सेटिंग करणारा पोरगा १८,५०० वर असेल तर तो मालक स्वस्तात सुटतोय. माझ्याकडे असता तर मी २१-२२ दिले असते. सेटर गेला की माझं मशीन दोन दिवस उभं राहतं, दोन शिफ्ट धरून ते दहा-बारा हजार झाले. हेच गणित त्याच्यासमोर मांड. "मला परवडत नाही" असं रडगाणं गाऊ नको, मालकाला रोज तेच ऐकायची सवय असते, आम्ही स्वतः पण पार्टीपुढे तेच गातो. मशीन किती तास चाललं, तुझ्या सेटिंगला रिजेक्शन किती, हे बोल.

हार्नेसवाली_तळवडे

एस ब्लॉकवाले दादा, तुमचं गणित पटलं, पण ओव्हरटाइम डबल रेटनं द्यायचा असतो हे तुम्ही त्या यादीत सोईस्करपणे विसरलात.

मी आता वायर हार्नेसच्या लाइनवर आहे तळवड्याला, त्याआधी जे ब्लॉकला प्रेस शॉपात होते. छोट्या शॉपचं खूप कौतुक चाललंय म्हणून लिहिते. मालक घरच्यासारखा वागवतो असं सगळे म्हणतात, मग पगार पण घरच्यासारखाच देतात, म्हणजे मनात आलं तर. आमच्या प्रेसला दोन हातांची बटणं होती, एक कायम टेप लावून दाबून ठेवलेलं, का तर पीस जास्त निघतात. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या बाईची दोन बोटं गेली. रजिस्टरला नावच नव्हतं तिचं. शेठनं खासगी दवाखान्याचं बिल भरलं, वर २० हजार दिले, आणि सगळे म्हणायला लागले शेठ देवमाणूस आहे. ईएसआयमध्ये नाव असतं तर पहिल्या दिवशीचा अपघात पण धरतात, बरी होईपर्यंत पगाराच्या ९०% मिळाले असते आणि कायमचं अपंगत्व ठरलं असतं तर जन्मभर पेन्शन. ती आता भाजी विकते. डिसेंबर २०२३ ला आमच्याच तळवड्यात स्पार्कल कँडलच्या कारखान्याला आग लागली, त्यात गेल्या त्या बहुतेक बायकाच होत्या, रोजावर गेलेल्या. ती शेड पण छोटीच होती की.

उदगीरचे भाऊ, तुम्ही तीन गोष्टी बघा. तुमच्या मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा) चालू आहे का बायपास केलाय. तुमचा ईएसआय नुसता कापतात का भरतात पण. आणि पीएफचं पासबुक उघडा, आजच, मालक कितीही चांगला असू दे. २२ माणसं म्हणजे पीएफ लागूच आहे, पण बरेच जण रजिस्टरला १९ च दाखवतात.

स्पाईन_रोड

हे १९ वालं आमच्याकडे पण होतं. इन्स्पेक्टर आला की तिघे चहा प्यायला क्वालिटी सर्कल चौकात.

उदगीरचा_मशिनिस्ट

ताई पासबुक बघितलो. यूएएन (पीएफचा नंबर) टाकून ओटीपी येईपर्यंत जीव वर आला होता. नाव आहे, पैसे पण आहेत, पण शेवटचे दोन महिने दिसंनात. स्लिपवर मात्र कापलेत. ईएसआय बरोबर आहे, आईचं नाव पण आहे, फोटो जुना आहे तेवढा.

इंटरलॉकचं काय सांगू. तीन मशीनचे चालू आहेत, चौथ्याचा मीच बायपास केला होता, चिप अडकली की सारखं दार उघडावं लागतंय म्हणून. आज परत जोडला.

आता पीएफचं कसं बोलू? मालकानं हाताला धरून शिकवलंय. त्याच्या तोंडावर हे विचारणं जड जातंय.

पेरोलवाली_निगडी

जड वाटून घेऊ नका. प्रत्येक महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. एक महिना मागे-पुढे असणं वेगळं, कधी भरलेलं पासबुकात उशिरा पण दिसतं. दोन महिने म्हणजे बहुतेक कॅश अडकलीय. उशिराचं व्याज आणि दंड मालकालाच बसतो, त्यामुळे "शेठ, पासबुकात दोन महिने दिसत नाहीत" एवढंच म्हणा, आरोप करू नका.

आणि पगार मागाल तेव्हा आकडा जपून सांगा. ग्रॉस २१,००० च्या वर नेऊ नका, निदान आईचं ऑपरेशन होईपर्यंत. ओव्हरटाइमचे पैसे त्या मर्यादेत मोजत नाहीत, त्यामुळे ओटी कॅशमध्ये न घेता स्लिपवर घेतला तरी कार्ड जात नाही. उलट तो स्लिपवर असलेलाच बरा, उद्या लोन काढायचं झालं तर बँक स्लिपच बघते.

जुना_टर्नर

गुरुवारी बोल, शॉप शांत असतं. मशीन चालू असताना मालकाशी पगाराचं कधी बोलू नये, त्याचा एक कान स्पिंडलकडे असतो. आणि जाताना एखादा चांगला निघालेला जॉब हातात असू दे. हसू नको, मी तीनदा पगार असाच वाढवून घेतलाय.

कॉन्ट्रॅक्टरला पण तोडून बोलू नको, दार उघडं असू दे.

मुलीकडच्यांचं म्हणशील तर माझ्या सासऱ्यानं पण कंपनी कोणती विचारलं होतं. मी टेल्को (आताची टाटा मोटर्स) म्हणालो होतो. टेल्को रोडवरच्या शॉपात होतो.

उदगीरचा_मशिनिस्ट

काका 😄 हे आमच्या मामाला सांगतो.

काल गुरुवार होता, मालकानं दोन तास ये म्हणून बोलावलंच होतं, तेव्हाच बोललो. एस ब्लॉकवाल्या दादांनी सांगितल्यासारखं मागच्या तीन महिन्यांचा हिशोब वहीत लिहून नेला होता, माझ्या दोन मशीनवर रिजेक्शन किती, सेटिंगला वेळ किती. मालक बराच वेळ वही बघत बसला. मग म्हणाला चाकणची ऑफर आली का. मी हो म्हणालो, आकडा पण खरा सांगितला, हातात किती येणार ते पण. तो म्हणाला आकडा सांगताना सगळे वरचाच सांगतात, तू पहिलाच खालचा सांगितलास.

पुढच्या महिन्यापासून २०,५०० देतो म्हणाला. मी तेवढेच मागितले होते, ताईंनी सांगितल्यामुळं. ओटी डबल नाही म्हणाला, दीडपट देतो आणि स्लिपवर घेतो, त्यावर बराच वेळ वाद झाला पण तो पुढं सरकला नाही. पीएफचं विचारल्यावर मान खाली घातली, एका पार्टीचे चार लाख अडकलेत म्हणाला, या १५ तारखेच्या आत एक महिना आणि पुढच्या महिन्यात दुसरा. प्रोग्रामिंगचं दिवाळीची वाट न बघता सोमवारपासून रोज शिफ्ट सुटल्यावर एक तास.

लेखी द्या म्हणलं तर हसला, पण माझ्याच वहीच्या पानावर लिहून सही करून दिलं, तारीख घालून.

चाकणवाल्याला अजून नाही म्हणालो नाही, १५ तारीख जाऊ दे म्हणलं. आईची सोनोग्राफी बुधवारी आहे.

एस_ब्लॉकवाला

दीडपट पण बेकायदाच आहे हे मी सांगतोय, लिहून ठेवा सगळ्यांनी. पण चार लाख अडकलेले असताना दोन हजार वाढवले म्हणजे पोरगा त्याला हवाय. १५ तारखेपर्यंत थांबलास ते बरोबर केलंस.

हार्नेसवाली_तळवडे

वहीच्या त्या पानाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा भाऊ. शॉपातल्या वहीवर कूलंट सांडतंच. आणि १५ नंतर दोन-चार दिवसांनी पासबुक परत उघडा, इथे येऊन सांगा भरलाय का.